वेगळा स्कॅनिंग रेडिओ घ्यावा का? दोन प्रकारच्या एपींची तुलना

हॉस्पिटलसाठी, कॉलेजसाठी किंवा कारखान्यासाठी एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारी यंत्रं) घ्यायचे ठरले की दोन-तीन कोटेशनं हातात येतात आणि सगळ्यांवर जवळपास तेच छापलेलं असतं. डब्ल्यूपीए३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) आहे, घुसखोर एपी पकडतो, चॅनेल आपोआप निवडतो, पॉवर आपोआप कमी-जास्त करतो. कागदावर फरक शोधून सापडत नाही. किमतीत मात्र ठळक दिसतो. सोलापुरात माझ्या ओळखीतले बरेच जण नेमके इथे अडतात आणि फोन करून विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

खरा फरक एकाच जागी आहे: आजूबाजूच्या हवेत काय चाललंय, हे एपी कधी आणि कशाने ऐकतो? पहिल्या प्रकारात जे रेडिओ लोकांना नेट देतात, तेच अधूनमधून आपलं चॅनेल सोडून क्षणभर दुसऱ्या चॅनेलवर जातात, कानोसा घेतात आणि परत येतात. दुसऱ्या प्रकारात या कामासाठी एक जादा रेडिओ असतो. तो कुणालाच नेट देत नाही. दिवसभर सगळ्या चॅनेलवर फिरत फक्त ऐकतो. जुनिपर मिस्ट आणि मेराकी यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये असा वेगळा रेडिओ असतो. इतर मोठ्या कंपन्यांकडे मॉडेल बघून दोन्ही तऱ्हा मिळतात.

सात रस्त्याच्या बाजूच्या एका हॉस्पिटलचं नेटवर्क मी बघतो. तिथे आधी पहिल्या प्रकारचे एपी होते, आता दुसऱ्या प्रकारचे आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आजही पहिल्या प्रकारचेच आहेत आणि ते बदलायचा माझा विचार नाही. माझ्याकडे कोणत्या कंपनीचे होते ते लिहीत नाही. सांगायचं आहे ते मॉडेलबद्दल कमी आणि पद्धतीबद्दल जास्त आहे.

दोन्ही कामं ऐकण्यावर चालतात

सुरक्षा आणि रेडिओ मॅनेजमेंट यांना ब्रोशरमध्ये दोन वेगळी पानं असतात. आत मात्र दोघांना माहिती एकाच ठिकाणाहून मिळते. शेजारी कोणता एपी किती जोरात ऐकू येतो, हे कळलं तरच चॅनेल ठरवता येतं. आणि आपल्या नावाचा, पण आपला नसलेला एपी हवेत आहे, हे ऐकू आलं तरच इशारा देता येतो. ऐकणंच कमी पडलं, तर वरचं सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, त्याच्या हातात शिळी माहिती असते.

थोडा हिशोब मांडतो. एपी आपल्या अस्तित्वाची हाळी, म्हणजे बीकन, साधारणपणे १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा देतो. म्हणजे एका चॅनेलवर कोण आहे हे खात्रीने कळायला सेकंदाचा दहावा भाग तरी तिथे थांबावं लागतं. त्याच्या निम्मा वेळ थांबलात तर निम्म्या वेळा बीकन हुकणार. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनंतर ५ गिगाहर्ट्झमध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना वापरता येतात. २० मेगाहर्ट्झची चॅनेल धरली तर ती पंचवीसच्या आसपास होतात. नेट देणारा रेडिओ दर दहा सेकंदांनी एकदा बाहेर डोकावतो असं धरलं, तर सगळ्या चॅनेलचा एक फेरा पूर्ण व्हायला चार मिनिटांहून जास्त वेळ जातो. हे वाईट नाही. ऑफिसला एवढं पुरतं.

पण रेडिओ बाहेर गेलेला असतो तेव्हा आपल्या चॅनेलवर तो हजर नसतो. डेटाला याचं काही वाटत नाही, पान किंचित उशिरा उघडतं इतकंच. आवाजाला वाटतं. वाय-फाय फोनवर बोलताना साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट निघतं. शंभर मिलिसेकंद रेडिओ गायब म्हणजे पाच पॅकेटं रखडली. म्हणून बनवणाऱ्यांनीच सोय ठेवली आहे, की आवाजाची किंवा महत्त्वाची वाहतूक चालू असेल तर स्कॅनिंग पुढे ढकला. वाचायला ही सोय अगदी शहाणपणाची वाटते, आणि माझा निर्णय नेमका तिच्यामुळेच झाला.

सोमवारची ओपीडी

सोलापूर हे आसपासच्या मोठ्या पट्ट्याचं दवाखान्याचं गाव आहे. सोमवारी सकाळी ओपीडीत बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर आणि सीमेपलीकडून इंडी, विजयपूरकडचे पेशंट आणि त्यांच्याबरोबर दोन-दोन नातेवाईक. प्रत्येकाच्या खिशात फोन, त्यातल्या बऱ्याच जणांचे हॉटस्पॉट चालू. त्याच मजल्यावर सिस्टरांचे वाय-फाय फोन सतत वाजत असतात. म्हणजे हवा सगळ्यात जास्त गजबजलेली असते, तेव्हाच तिथल्या एपींवर आवाजाची वाहतूक अखंड चालू असते. आणि म्हणून नेमके तेच एपी स्कॅनिंग पुढे ढकलत राहतात. लॉग काढून बघितला तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं: सकाळी ओपीडी सुरू झाल्यापासून दुपारी जेवणाची वेळ होईपर्यंत त्या मजल्यावर स्कॅन जवळजवळ नव्हतेच. रात्री, मजला रिकामा झाल्यावर, भरपूर.

एकदा एका मशिनच्या सर्व्हिसला आलेल्या माणसाने आपल्या लॅपटॉपसाठी स्वतःचा छोटा घरगुती राउटर बिलिंग काउंटरमागच्या लॅन पोर्टला लावला. त्याचा हेतू वाईट नव्हता, केबल लांबपर्यंत पोहोचत नव्हती एवढंच. पण त्या राउटरचा पासवर्ड मागच्या बाजूला स्टिकरवर छापलेला होता आणि तो थेट आमच्या आतल्या नेटवर्कवर होता. त्याने तो सकाळी लावला आणि दुपारनंतर काढून नेला. इशारा मला आला संध्याकाळी, जाता जाता टिपलेल्या शेवटच्या बीकनचा. तोवर जागेवर काही नव्हतं. हातात उरला फक्त एक मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक. तो माणूस कोण, हे काउंटरवर चौकशी करून कळलं, एपीमुळे नाही.

स्कॅनिंग पुढे ढकलण्याची सोय बंद करून बघितली. दुसऱ्याच दिवशी वॉर्डातून फोन: "सर, बोलताना मधेच शब्द गाळतोय हा फोन." आयसीयूतून डॉक्टरांना औषधाचं प्रमाण सांगताना शब्द गळून चालत नाही. सोय परत चालू केली. मधला मार्ग म्हणून स्कॅनचा वेळ निम्म्यावर आणला, तेव्हा शेजाऱ्यांची यादी अर्धवट येऊ लागली. प्रत्येक सेटिंगमध्ये एक काहीतरी सोडावंच लागत होतं. गेटवरच्या वॉचमनलाच कॅश काउंटर सांभाळायला बसवलं, तर गर्दीत त्याचं लक्ष कॅशवर राहणार. यात त्याची चूक नाही.

नव्या एपींवर असाच प्रसंग पुन्हा आला. प्रिंटरच्या टेबलाखाली पांढरा राउटर, रबर बँड लावून गुंडाळलेली पिवळी पॅचकॉर्ड, एक टोक भिंतीत. या वेळी ओपीडी ऐन भरात होती आणि इशारा काही मिनिटांत आला. नकाशावर अंदाजे जागा होती आणि स्विचचा कोणता पोर्ट, हेही होतं. मी खाली गेलो तेव्हा लावणारा माणूस तिथेच बसलेला होता. त्याला गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड दिला आणि राउटर काढायला लावला. माझ्यासाठी तुलना तिथेच संपली, हे मान्य करतो. तुमच्याकडे आवाजाची वाहतूक नसेल तर कदाचित तुमचा अनुभव असा टोकाचा येणार नाही.

पोर्टच बंद का नाही, असं कुणीही विचारेल. तारेच्या पोर्टवर ८०२.१एक्स, म्हणजे ओळख पटल्याशिवाय यंत्राला आत न घेणारी पद्धत, लावणं हे खरं औषध आहेच, पण हॉस्पिटलातली निम्मी यंत्रं ते बोलत नाहीत. ते काम वेगळं चालू आहे.

चॅनेल कोण, कधी ठरवतं

याच कमी ऐकण्याचा दुसरा परिणाम चॅनेलच्या आखणीवर होतो. सिस्कोचं आरआरएम (रेडिओ मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर) सुरुवातीच्या सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी चॅनेलचा विचार करतं. अरुबाचं एअरमॅच २४ तासांची माहिती गोळा करतं आणि पहाटे ५ वाजता नवी आखणी लागू करतं. दोन्ही पद्धतींना आपापली बाजू आहे. मला पहाटेची जास्त पटते, कारण दिवसा चॅनेल बदललं की जुनी यंत्रं लटकतात. पण गोळा झालेल्या माहितीत रात्रीचाच भाग जास्त असेल, तर आखणी रिकाम्या मजल्याची होते आणि सोमवारी सकाळी उपयोगाची राहत नाही. वेगळा रेडिओ असलेल्या एपींवर दिवसाचीही माहिती तितकीच भरते. आता आमच्याकडे आखणी आठवडा-आठवडा फारशी हलत नाही, आणि माझ्या मते हेच चांगल्या आखणीचं लक्षण आहे.

इथे एक गोष्ट दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे: चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झवर सोडू नका. दाट जागेत २०, फार तर ४०. पॉवरच्या किमान आणि कमाल मर्यादा स्वतः घाला. हे न करता महागडा एपी घेतलात तर पैसे वाया जातात.

आता रडार. ५ गिगाहर्ट्झमधल्या मधल्या चॅनेलवर एपीला रडारची चाहूल लागली तर त्याने लगेच ते चॅनेल सोडायचं असतं, अर्धा तास परत यायचं नसतं आणि तसल्याच दुसऱ्या चॅनेलवर जाण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसायचं असतं. बरीचशी सी-बँड हवामान रडारं ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तिथे युरोपच्या नियमांत हा ऐकण्याचा वेळ १० मिनिटांचा आहे. सोलापूरकरांना हा विषय परका नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात आपल्या परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तेव्हा इथे सी-बँडचं रडार होतं. त्यात होटगी रोडला विमानतळ. म्हणून १२०, १२४ आणि १२८ ही चॅनेल मी इथे सरसकट यादीतून काढून टाकतो, मग एपी कोणताही असो.

बाकीच्या रडार-चॅनेलवर फरक पडतो. पहिल्या प्रकारात चाहूल लागली की एपी एक तर साध्या चॅनेलवर उडी मारतो, जिथे आधीच गर्दी असते, किंवा मिनिटभर गप्प बसतो. दुसऱ्या प्रकारातल्या काही मॉडेलमध्ये जादा रेडिओ एखादं राखीव चॅनेल आधीच ऐकून तयार ठेवतो आणि उडी थेट तिथे पडते. चाहूल खऱ्या रडारची होती की एखाद्या फोनच्या विचित्र पॅकेटची, हे एपी सांगत नाही, आणि खोट्या चाहुली गर्दीच्या मजल्यावर बऱ्याच येतात. ही सोय सगळ्या मॉडेलमध्ये नसते, हे मात्र विचारून घ्या.

वेगळा रेडिओ काय करत नाही

तो एनक्रिप्शन बळकट करत नाही. डब्ल्यूपीए३, ८०२.१एक्स, मॅनेजमेंट फ्रेमचं (कनेक्शन जोडण्या-तोडण्याच्या संदेशांचं) संरक्षण दोन्हीकडे तेच आहे. २०२१मध्ये उघड झालेल्या फ्रॅगअटॅक्स या त्रुटी डब्ल्यूपीए३ वापरणाऱ्या यंत्रांतही निघाल्या होत्या, म्हणून फर्मवेअर किती वर्षं मिळणार, हा प्रश्न दोन्ही कोटेशनांना विचारा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. क्लाउडवरच्या पोर्टलमध्ये ते तितके टिकतात का ते बघा, नसतील तर स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घ्या.

ब्रोशरमध्ये 'घुसखोराला आपोआप रोखतो' असं असतं, त्यावर मी निर्णय घेणार नाही. हे रोखणं म्हणजे समोरच्याच्या नावाने 'कनेक्शन तोड' अशी खोटी फ्रेम हवेत सोडणं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट असेच तोडले जात होते. ऑक्टोबर २०१४मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ते हॉटेल चालवणाऱ्या मॅरियटला ६ लाख डॉलर भरायला लावले. शिवाय मॅनेजमेंट फ्रेमचं संरक्षण चालू असलं की हा उपाय चालतच नाही, आणि डब्ल्यूपीए३मध्ये ते सक्तीचं आहे. ओपीडीत पेशंटच्या मुलाचा हॉटस्पॉट तोडणं मला योग्यही वाटत नाही. मी फक्त इशारा चालू ठेवतो.

इशाऱ्याचं मोल मात्र मोठं आहे, कारण प्रत्यक्षात सगळंच डब्ल्यूपीए३वर नेता येत नाही. जुन्या ईसीजी ट्रॉल्या, लेबल प्रिंटर, बारकोड गन या अजून डब्ल्यूपीए२वरच आहेत. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देण्याची सोय चांगली आहे आणि मी ती वापरतो, पण तीही बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपीए२वर चालते. स्टाफचे फोन युजरनेम-पासवर्डने जोडले जात असतील आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) तपासत नसतील, तर तुमच्याच नावाचा खोटा एपी उभा करून कुणीही ते पासवर्ड काढून घेऊ शकतो. पक्का उपाय प्रत्येक फोनवर सर्टिफिकेट टाकण्याचा. तो पूर्ण होईपर्यंत, आपल्या नावाचा परका एपी लवकर दिसणं हीच सुरक्षा आहे. इथेही वेगळ्या रेडिओचं पारडं मला जड वाटतं.

पहिला प्रकार कुठे पुरतो

टॉवेल कारखान्यात पुरतो, आणि चांगला पुरतो. लूमचं शेड लांब, पत्र्याचं, आजूबाजूला फारसे एपी नाहीत. गोडाऊनमध्ये गठ्ठ्यांचे बारकोड वाचणाऱ्या गन चालतात, आवाज जवळजवळ नाही. स्कॅनिंग पुढे ढकलायची वेळच येत नाही, त्यामुळे यादी ताजी असते. तिथे मी जादा पैसे रेडिओवर न घालता जागेवर घातले: सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली जे तापमान होतं, त्यात एपी टिकण्यासाठी तो पत्र्यापासून खाली, हवा लागेल असा बसवणं जास्त गरजेचं होतं. वीस-पंचवीस माणसांचं ऑफिस, कोचिंग क्लास, नवी पेठेतलं दुकान यांनाही माझा आग्रह नाही.

पहिल्या प्रकारचे एपी आधीच घेतलेले असतील आणि आवाजाची अडचण असेल, तर दर चार-पाच एपींमागे एक एपी निव्वळ ऐकण्यासाठी लावता येतो. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा मोड असतो. हॉस्पिटलात मी हा विचार केला होता. जादा केबल, जादा पोर्ट आणि जादा लायसन्स धरून खर्च नव्या एपींच्या फरकाजवळ गेला, म्हणून सोडला. तुमच्याकडे जुने एपी शिल्लक असतील तर हिशोब बदलेल.

ऑर्डर देण्याआधी

वीज बघा. एपीला ती नेटवर्कच्या केबलमधून, स्विचच्या पोर्टवरूनच मिळते. जुने स्विच ८०२.३एएफचे, म्हणजे पोर्टला १५.४ वॉटचे असतील, तर काही मॉडेल तेवढ्या विजेवर चालू होतात खरे, पण जादा रेडिओ बंद ठेवतात. वर दिवा हिरवाच दिसतो. ज्यासाठी पैसे मोजले तेच चालू नाही, हे कंट्रोलरच्या (सगळे एपी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आतल्या पानावर गेल्याशिवाय कळत नाही. ३० वॉटचे, म्हणजे ८०२.३एटीचे पोर्ट हवेत, आणि तेवढा भार यूपीएसवर धरायला हवा.

'ट्राय-रेडिओ' हा शब्द बघून खूश होऊ नका. काही मॉडेलमध्ये तो तिसरा रेडिओ ६ गिगाहर्ट्झचा असतो आणि स्कॅनिंग पुन्हा नेट देणाऱ्यांवरच येतं. काहींमध्ये तिसरा रेडिओ एक तर ६ गिगाहर्ट्झ देतो नाहीतर ऐकतो, दोन्ही नाही. दूरसंचार विभागाने मे २०२५मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरू देण्याच्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हापासून कोटेशनांत ६ गिगाहर्ट्झचे एपी वाढले आहेत, त्यामुळे हा प्रश्न स्पष्ट विचाराच: ६ गिगाहर्ट्झ चालू असताना ऐकणारा रेडिओ वेगळा उरतो का? उत्तर लेखी घ्या. लायसन्स संपल्यावर घुसखोरांचे इशारे चालू राहतात की बंद पडतात, हेही त्याच पत्रात लिहून घ्या.

आणि डेमो मागा. डीलर बहुतेक वेळा रविवारी येतो, रिकाम्या मजल्यावर एपी टांगतो आणि सगळं छान दिसतं. तुम्ही त्याला तुमच्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी बोलवा. दोन वाय-फाय फोनवर बोलणं चालू ठेवा, एक घरगुती राउटर तुमच्याच नेटवर्कच्या नावाने कोपऱ्यात चालू करा आणि इशारा यायला किती वेळ लागतो ते डीलरच्या शेजारी बसून बघा. त्या वेळात फोनवरचा आवाज तुटला का, हे बोलणाऱ्या दोघांना विचारा.